अंधारात ऐकायचा अल्बम: तुम्हाला शेवटपर्यंत बसवतं का?

रात्रीचे साडेबारा | सोमवार, रात्री १:०५

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

'चेर्नोबिल' ही तिथल्या अणुवीज केंद्राच्या अपघातावरची पाच भागांची मालिका इथे बऱ्याच जणांनी पाहिली असेल. तिचं संगीत हिल्दुर गुद्नादोत्तिर या आइसलँडच्या चेलोवादक बाईंचं आहे. २०१९ साली ते अल्बम म्हणून वेगळंही आलं. १३ तुकडे आहेत, सगळे मिळून साधारण चाळीस मिनिटांचे. मालिका बघताना मला संगीत चालू आहे हेच कळलं नव्हतं. मागे कुठेतरी यंत्र सुरू आहे असं वाटायचं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ते खरोखर यंत्रघरातूनच आलंय. लिथुआनियात इग्नालिना नावाचं बंद झालेलं अणुवीज केंद्र आहे, मालिकेचं चित्रीकरणही तिथे झालं. बाईंनी तिथे जाऊन दारं, पंप, मोकळ्या दालनांतली घुमघुम असं सगळं टिपून आणलं. अल्बममध्ये नेहमीचं वाद्य एकही नाही. केंद्रातले आवाज, बाईंचा स्वतःचा गळा आणि एका तुकड्यात गायकवृंद, बस.

आता माझा प्रश्न. मी सात वेळा बसलो आणि एकदाही पूर्ण ऐकून झाला नाही. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आईच्या खोलीतला दिवा बंद झाला की पंखाही बंद करतो (पंख्याची घरघर त्यात मिसळते), हेडफोन लावतो, जमिनीवर चटई टाकून आडवा होतो. पहिली दहा मिनिटं छान जातात. अंगावरून काहीतरी मोठं, संथ सरकत जातंय असं वाटतं. विसाव्या मिनिटाच्या आसपास मात्र उठतोच. दाराची कडी बघून येतो, गॅस बघून येतो. भीती म्हणावी तर भीती नाही. कुणीतरी काहीतरी सांगायचं टाळतंय आणि आपण समोर बसून आहोत, तसं काहीसं.

परवा हेडफोनऐवजी स्पीकरवर लावला. पाच मिनिटांत आई उठून आली. "अरे, खालची मोटर चालू राहिलीय का? टाकी भरून वाहत असेल." म्हटलं, मोटर नाही, संगीत आहे. ती दारात उभी राहून मिनिटभर ऐकत राहिली. मग म्हणाली, "बंद कर. घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटतंय."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. तुम्ही असलं काही ऐकता का? कुठे, किती वाजता, कसं? आणि मधेच उठावंसं वाटलं तर काय करता?

---

चहा कटिंग नाही | सोमवार, रात्री १:२०

पहिला!

कर्वेनगरला रात्री साडेबाराला पंखा बंद करून शांतता मिळते, याचाच हेवा वाटला. आमच्या वाघोलीत पाण्याचे टँकर त्याच वेळी रिव्हर्स घेत असतात. चटई घेऊन येऊ का?

---

नदीकाठचा बाक | सोमवार, सकाळी ७:४५

वाखुसा (वाचनखूण साठवली). मालिका पाहिली होती, अल्बम वेगळा ऐकायचं सुचलंच नव्हतं. आज ऑफिसला जाताना ऐकतो.

---

नदीकाठचा बाक | सोमवार, सकाळी ९:५०

ऐकला. म्हणजे प्रयत्न केला. नळस्टॉपच्या सिग्नलला काहीच ऐकू आलं नाही आणि विद्यापीठ चौकात मागच्या रिक्षाचा हॉर्न अल्बमचाच भाग वाटला. बसमध्ये ऐकायची ही गोष्ट नव्हे. रात्री बघतो.

---

षड्जपंचम | सोमवार, दुपारी १२:३०

मी पंधरा वर्षं गाणं शिकतेय, त्यामुळे थोडं स्पष्ट लिहिते. राग मानू नका.

चार तुकडे लक्ष देऊन ऐकले. 'राग नाही, ताल नाही, म्हणून हे संगीत नाही' असलं काही मी म्हणणार नाही. आलापातही ताल नसतो, आणि तास तासभर आलाप ऐकणारे लोक या गावात आहेत. माझी अडचण वेगळी आहे. तानपुरा लागला की सा मिळतो. गायक कुठेही भटको, पार तीव्र मध्यमावर जाऊन लटको, आपल्याला ठाऊक असतं की घर तिथे आहे आणि तो परत येणार. तो येईपर्यंतची जी हुरहुर, तिच्यासाठीच आपण बसतो. या अल्बममध्ये तानपुऱ्यासारखाच एक अखंड नाद आहे, पण तो घर देत नाही. सा म्हणून ज्याला धरावं तो दोन मिनिटांत खालून सरकतो. तुम्ही विसाव्या मिनिटाला उठून दाराची कडी बघता ना, मला वाटतं तुम्ही सा शोधत असता.

हे मुद्दाम केलेलं आहे हे कळतं. तसं करण्यातलं कसबही कळतं. पण ज्याच्यात परत यायला जागा नाही, त्याला मी संगीत कशासाठी म्हणू?

---

रात्रीचे साडेबारा | सोमवार, दुपारी १:१५

षड्जपंचमताई, राग कसला! 'तुम्ही सा शोधत असता' हे वाचून दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. विचार करून लिहितो.

---

बूमवाला | सोमवार, सायंकाळी ६:१०

धाग्याने दिवस सत्कारणी लावला. मी सिनेमाच्या ध्वनीत काम करतो, शिक्षणही लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आपल्या फिल्म संस्थेतलं. थोडी आतली माहिती.

त्या केंद्रात बाईंबरोबर ख्रिस वॉटसन होते. निसर्गातले, जागांचे आवाज टिपणाऱ्यांमधलं फार मोठं नाव. नुसते पंप आणि दारं टिपून ते थांबले नाहीत, त्यांनी खोल्याही टिपल्या. खोली टिपायची म्हणजे काय? मोकळ्या दालनात एक छोटा स्फोटक आवाज करायचा, अगदी फुगा फोडला तरी चालतो, किंवा खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सरकत जाणारा आवाज स्पीकरवर वाजवायचा, आणि तो कसा घुमतो, कसा विरतो ते मुद्रित करायचं. त्यातून त्या जागेचा ठसा मिळतो. आमच्यात त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. मग घरी बसून गायलेला सूर त्या ठशातून काढला की तो त्या दालनातच गायल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे या अल्बममध्ये जागा हेच वाद्य आहे. टर्बाइन हॉल हा तंबोऱ्याचा भोपळा समजा.

साडेबारासाहेब, तुमच्या आईंना मोटर ऐकू आली यात त्यांचं काही चुकलेलं नाही. बरोबर ऐकलं त्यांनी.

दोन व्यावहारिक सूचना. मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकूच नका, त्यातून खालचे सूर बाहेरच येत नाहीत, नुसता भुसा उरतो. दुसरं, अगदी हळू आवाजातही ऐकू नका. आवाज कमी केला की आपला कान खालचे सूर जास्त गमावतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलंय. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढा आवाज ठेवा.

---

चहा कटिंग नाही | सोमवार, सायंकाळी ६:२५

हेडफोन कुठले घ्यावेत? दोन-तीन हजारांत काही बरं?

---

बूमवाला | सोमवार, सायंकाळी ६:४०

कानावर पूर्ण बसणारे, तारवाले घ्या. ब्लूटूथच्या नादी लागू नका, त्याच पैशांत तारवाल्यात चांगला आवाज मिळतो. 'एक्स्ट्रा बास' लिहिलेले टाळा. या अल्बमला मूळचाच बास भरपूर आहे, वरून आणखी ओतला की सगळा चिखल होतो.

---

उंबराचं फूल | सोमवार, रात्री ९:००

मी जरा वेगळं बोलते. दिवसभर काम, ट्रॅफिक, मुलांचा अभ्यास. त्यानंतर रात्री कानात अणुभट्टी कशाला घालून घ्यायची? लताबाई आहेत, किशोरीताई आहेत. मन शांत होईल असं काही ऐकावं ना.

---

जुना बाजार | सोमवार, रात्री ९:४०

उंबराचं फूल, तुम्ही म्हणता ते एका परीने पटतं, पण दुःखी नाटक बघायला आपण तिकीट काढून जातोच की. प्रत्येक कलेने झोपच आणली पाहिजे असं थोडंच आहे.

आता माझा आवडता विषय निघालाय, म्हणून थोडं लांब लिहितो. षड्जपंचम यांनी तानपुरा काढला म्हणून. हा जो अखंड नादाचा प्रकार पश्चिमेकडे वाढला, त्याचा एक धागा सरळ आपल्या किराणा घराण्याला जाऊन मिळतो. पंडित प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. १९७० साली ते न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली यांच्यासारखे प्रयोगशील संगीतकार त्यांच्या पायाशी बसून शिकले. ला माँट यंग आणि त्यांच्या पत्नी मारियन झाझीला यांनी तर अशा खोल्या उभ्या केल्या, जिथे काही सूर अखंड वाजत राहतात आणि ऐकणारा त्यात जाऊन बसतो. आता बघा, किराण्याचेच अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेनजी, आणि भीमसेनजींनी १९५३ पासून पुण्यात चालवलेला सवाई महोत्सव. एक फांदी आपल्या मांडवात आली, दुसरी न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या खोलीत गेली. मला तरी हे फार सुंदर वाटतं.

आणि आपल्याकडेही कुणी नव्हतं असं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारं वाद्य) बसवला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर येऊन तो लावून देऊन गेले. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. त्या टेपा कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. २०२३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. ऐकाच. १९७० च्या आसपासचं अहमदाबाद आणि हे आवाज!

कर्वे रस्त्यावरचं अलूरकरांचं गाण्यांच्या कॅसेटचं दुकान आज असतं तर तिथे उभं राहून कुणाशी तरी हे बोललो असतो. आता हा धागाच माझं दुकान.

---

षड्जपंचम | सोमवार, रात्री १०:१५

जुना बाजार, माहितीबद्दल मनापासून आभार. प्राणनाथजींचं मी ऐकलंय. पण तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा पक्का होतो. त्यांच्या गाण्यात सा एखाद्या डोंगरासारखा बसलेला असतो. 'अखंड नाद दोन्हीकडे आहे' एवढ्यावरून नातं जुळत नाही. मिरजेहून तानपुरा आणला तर जवारी लावणारा कारागीर तारेखालचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवत तास तास बसतो. कशासाठी? त्या एका तारेतून गंधार बोलावा म्हणून. एका सुरात बाकीच्या सुरांना जागा करून देणं म्हणजे जवारी. यंत्राच्या घुमण्यात कुणी कुणाला जागा करून देत नाही.

---

बूमवाला | सोमवार, रात्री १०:३०

देत असतं हो. ट्रान्सफॉर्मर घुमतो त्यात मूळ सुराच्या वरचे कितीतरी स्वर असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला घुमतो. हार्मोनियमवर बघाल तर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. आणि गंमत म्हणजे युरोपातही ५० हर्ट्झच. म्हणजे कर्वेनगरच्या डीपीचा (रस्त्यावरच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा) आणि लिथुआनियाच्या केंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरचा सा एकच.

---

चहा कटिंग नाही | सोमवार, रात्री १०:३५

"कर्वेनगरच्या डीपीचा सा." आज हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. आता खाली जाऊन आमच्या डीपीशेजारी उभा राहून ऐकतो.

---

अबोलीचा गजरा | मंगळवार, सकाळी ८:२०

साडेबारा, तुमच्या आईंचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी बाबा एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. बाहेर बाकड्यावर बसून आतले आवाज ऐकू यायचे. दार उघडलं की मोठे व्हायचे, मिटलं की बारीक. पहिले दोन दिवस मला सगळा एकच गोंगाट वाटायचा. आठव्या दिवशी कुठला टींऽ सलाइन संपल्याचा आणि कुठला बाबांचा, हे मला न बघता कळत होतं. एकोणिसाव्या दिवशी पहाटे सगळं चालू असतानाच एक आवाज थांबला आणि मी नर्सच्या आधी उठले.

तुमचा अल्बम काल रात्री लावला. दोन मिनिटांत बंद केला. वाईट आहे म्हणून नाही. तो खरा आहे म्हणून. मी नाही बसू शकत, आणि बसायलाच पाहिजे असंही मला वाटत नाही. ज्यांना उठावंसं वाटतं त्यांनी उठावं.

---

उंबराचं फूल | मंगळवार, सकाळी ८:४५

अबोली, तुला मिठी गं.

---

रात्रीचे साडेबारा | मंगळवार, सकाळी ९:१०

अबोलीताई, धाग्यामुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा. तुम्ही लिहिलंत ते मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आजोबांच्या वेळी तिनेही असंच ऐकलं होतं. मला माहीतच नव्हतं.

---

तिसरी पाळी | मंगळवार, दुपारी ३:४०

नमस्कार. मी इथे नुसता वाचायला असतो. मुलीने हा धागा दाखवला आणि अल्बमही लावून दिला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण यातलं कळतं, म्हणून लिहितो. चूकभूल द्यावी घ्यावी.

भोसरी एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. शेवटची बारा वर्षं बहुतेक तिसरी पाळी. पंप, कॉम्प्रेसर, ब्लोअर, कूलिंग टॉवर सगळं आमच्याकडे. रात्री दोननंतर शॉपवर माणसं कमी असतात, मग मशीन बोलायला लागतं.

बेअरिंग जाणार आहे हे आम्ही कसं ओळखायचो सांगतो. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा. टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बाहेरचा सगळा गोंगाट नाहीसा होतो आणि एकट्या बेअरिंगचा आवाज थेट डोक्यात येतो. चांगलं असेल तर नुसतं 'सूंऽ', रेशमी. वंगण कमी असेल तर सुकी शिट्टी. गोळीला खड्डा पडला असेल तर ठराविक वेळाने 'टक'. माझ्या उस्तादांनी मला पहिला महिनाभर हातात पाना दिलाच नाही, नुसता स्क्रू ड्रायव्हर दिला. म्हणाले, आधी चांगलं मशीन ऐक. चांगलं पाठ झालं की वाईट आपोआप कळेल.

म्हणून मॅडमना नम्रपणे सांगतो, मशीनलाही सा असतो. जो माणूस त्याच्याशेजारी आठ तास उभा असतो त्याला तो माहीत असतो. तो सरकला की आमच्या पोटात गोळा यायचा. या अल्बममध्ये तो सतत सरकतो. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही सारखे पुढे होऊन का बसताय? मी म्हटलं, कुठल्यातरी पंपाला काहीतरी होतंय आणि मला उठून जाता येत नाहीये.

आणखी एक. त्या अपघाताबद्दल मी मागे बरंच वाचलं होतं. २६ एप्रिल १९८६, रात्री १ वाजून २३ मिनिटं. म्हणजे तिसरी पाळी. बारा वाजता माणसं कामावर चढली होती, अजून दीड तासही झाला नव्हता. त्यात वालेरी खोदेमचुक नावाचा माणूस पंपांवर होता. सगळ्यात आधी तो गेला. त्याचा देह कधी मिळालाच नाही, अजून त्याच ढिगाऱ्याखाली आहे. अल्बममध्ये 'पंप रूम' नावाचा एक तुकडा आहे. मुलीने नाव वाचून दाखवलं तेव्हा मी तो उभं राहून ऐकला.

माझे वरचे सूर गेलेत. कानाची तपासणी केली त्यात चार हजार हर्ट्झला मोठा खड्डा निघाला, आमच्या लाइनीत बहुतेकांचा असतो. सकाळी चिमण्या नीट ऐकू येत नाहीत. हा अल्बम मात्र मला अख्खा ऐकू आला. बऱ्याच वर्षांनी असं झालं.

---

नदीकाठचा बाक | मंगळवार, दुपारी ३:५५

काका, तुम्ही नुसतं वाचायला असता हे बरोबर नाही. लिहीत जा.

---

षड्जपंचम | मंगळवार, सायंकाळी ५:३०

काका, मॅडम नका म्हणू, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन.

'आधी चांगलं मशीन ऐक' हे माझे गुरुजी अगदी याच शब्दांत नाही, पण हेच सांगायचे. पहिलं वर्षभर मला नुसता खर्ज लावायला लावला. काळी एकचा खर्ज म्हणजे साधारण ६९ हर्ट्झ, बूमवाल्यांच्या ट्रान्सफॉर्मरच्याही खालचा. माझा गळा तिथे जाणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या तानपुऱ्याची ती तार ऐकायची, एवढंच काम. तेव्हा तुमचा सा मला मान्य आहे.

माझं मत मात्र पूर्ण बदललेलं नाही. तुम्हाला तो सा सरकलेला कळतो, कारण तुम्ही एकतीस वर्षं तो जागेवर असताना ऐकलाय. आम्हाला या अल्बममध्ये तो जागेवर असलेला कधी ऐकायलाच मिळत नाही. नुसतं बिघडलेलं मशीन. माझी तक्रार आता एवढीच उरलीय, पण उरलीय.

---

बूमवाला | मंगळवार, सायंकाळी ६:०५

षड्जपंचम, ही तक्रार आजवर वाचलेल्या सगळ्या समीक्षांपेक्षा नेमकी आहे.

थोडं अवांतर, पण पुण्याचं आहे म्हणून. 'सिनेमासारखं' संगीत असा शब्द आपण सहज वापरतो, म्हणजे मागे काहीतरी गूढ वाजतंय. याच गावात प्रभातने १९३७ साली 'कुंकू' काढला आणि त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. जे काही ऐकू येतं ते प्रसंगातलंच. घड्याळाची टिकटिक आठवते? त्या टिकटिकीने जे काम केलंय ते चाळीस व्हायोलिनं करू शकणार नाहीत. हिल्दुरबाईंनी जे केलं त्याचं मूळ मला तिथे दिसतं. त्या प्रसंगात जे वाजणं शक्य आहे, त्यातूनच संगीत काढायचं.

---

जुना बाजार | मंगळवार, सायंकाळी ६:३०

वा! 'कुंकू' आणि 'चेर्नोबिल' एका दमात. बूमवाले, यावर वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो.

जागाच वाद्य म्हणालात, त्यावरून एक. संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरॉस आणि त्यांचे सोबती १९८८ साली अमेरिकेत जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून वाजवत बसले. एक सूर लावला की तो पंचेचाळीस सेकंद घुमायचा. त्यांनी त्या ऐकण्याला 'डीप लिसनिंग' नाव दिलं. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यात सकाळी लवकर, शाळांच्या सहली यायच्या आधी जाऊन एक टाळी वाजवा. पंचेचाळीस मीटर लांब दगडी दालन आहे. टाळी परत येईपर्यंत उभं राहा. मी दरवर्षी एकदा जातो, तेवढ्यासाठीच.

---

चहा कटिंग नाही | मंगळवार, सायंकाळी ७:००

वाघोली डीपी अहवाल: काल रात्री वीस मिनिटं उभा होतो. घुमतो, खरंच. एक बाई 'लाइट गेलीय का?' विचारायला आल्या. त्यांना सांगितलं, काय ऐकतोय ते. त्याही थांबल्या.

---

रात्रीचे साडेबारा | शुक्रवार, रात्री २:१०

मंडळी, ऐकून झाला. पूर्ण.

तिसरी पाळीकाका, तुमची पद्धत वापरली. आधी अर्धा तास काही न लावता नुसता बसलो आणि घरातलं 'चांगलं मशीन' ऐकलं. फ्रीजचा एक सूर, तो बंद पडताना शेवटी येणारा झटका, इन्व्हर्टरची बारीक शिट्टी, बाहेरचा वॉचमन, लांब कर्वे रस्त्यावरून जाणारा एकेक ट्रक. मग अल्बम लावला. आणि विसाव्या मिनिटाला उठलो नाही, कारण दाराची कडी लागलेली आहे हे मला ऐकूनच माहीत होतं. षड्जपंचमताई, सा बाहेर होता. अल्बमने द्यावा म्हणून मी उगाच वाट बघत होतो.

हेडफोनवर नाही ऐकला. स्पीकरवर लावला, बूमवाल्यांनी सांगितलं तेवढ्या आवाजात, कारण आई म्हणाली, "लाव, मी पण बसते." अबोलीताईंचं वाचल्यापासून ती या विषयावर दोन-तीनदा बोलली होती. उशी पाठीला घेऊन भिंतीला टेकून बसली. मधे डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली. गायकवृंदाचा तुकडा आला तेव्हा डोळे न उघडताच विचारलं, "हे कुणासाठी गातायत?" त्याचं नाव 'विचनाया पाम्यात', म्हणजे चिरंतन स्मृती. तिकडच्या चर्चमध्ये गेलेल्या माणसासाठी म्हणतात, आणि गाणारी मंडळी युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरातली आहेत. एवढं सांगितलं. ती काही बोलली नाही. सगळं संपल्यावर म्हणाली, "तेवढं गाण्याचं परत लाव." लावलं. दोनदा.

आणि काका, एक राहिलं. तुमचं वाचून आज संध्याकाळी सोसायटीच्या पंपखोलीत गेलो, वॉचमनदादांना मोटर लावायला सांगितली आणि स्क्रू ड्रायव्हर कानामागे लावून ऐकलं. नुसतं 'सूंऽ' नव्हतं. आई त्या रात्री उगाच उठून आली नव्हती असं मला आता वाटतंय.

---

तिसरी पाळी | शुक्रवार, सकाळी ६:३०

आईंना नमस्कार सांगा. कान चांगला आहे त्यांचा.

आवाज कसा होता, नीट आठवून लिहा. सुकी शिट्टी असेल तर ग्रीस भरून बघा, पण थोडंच, ठासून भरलं की बेअरिंग तापतं. ठराविक वेळाने टक येत असेल तर ग्रीसच्या नादी लागू नका, गणपतीच्या आत बेअरिंग बदलून घ्या. दोन्ही बाजूंची बदला. आणि खोलताना कपलिंगची अलाइनमेंट बघायला सांगा, नाहीतर नवीन पण तसंच वाजेल. मी रविवारी कोथरूडला बहिणीकडे येतोय. चालणार असेल तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो.